मांडव नंतर, वेल आधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडचं गाव, काळ्या जमिनीवरचं नवं घर, तोंड पश्चिमेला. फाटकापासून ओट्यापर्यंत अठरा फुटांची वाट. बाजारात तुम्ही तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच अशी तयार लोखंडी कमान पाहून आलात. ती फाटकात उभी करून तिच्यावर मधुमालती चढवावी, म्हणजे उन्हाळ्यात ओट्यावर सावली येईल, असं तुमच्या मनात आहे. सासूबाईंना मात्र दोडक्याचा आणि वालाच्या शेंगांचा मांडव हवा आहे. कमान घ्यावी का, घ्यायची तर कोणती, आणि दोघींचंही मन राखता येईल का, हे तुम्ही विचारलंत.

दोघींचंही मन राखता येईल. पण ती कमान मधुमालतीसाठी घेऊ नका. फाटकातल्या कमानीची सावली अठरा फुटांवरच्या ओट्यावर कधीच पडणार नाही, हे पहिलं कारण. दुसरं कारण असं की मधुमालती तीन वर्षांत त्या कमानीला जमिनीवर आणेल.

हे मी ऐकून सांगत नाही. सव्वीस वर्षं वर्धा जिल्ह्यातल्या गावांमध्ये मांडव बांधतोय. सुरुवातीच्या दिवसांत स्वतःच्या दारापुढे अर्ध्या इंची पाइपाचा मांडव केला आणि त्यावर मधुमालती सोडली. पहिल्या वर्षी तिचं नुसतं झुडूप झालं. दुसऱ्या वर्षी ती वर गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात खाली इतकी गच्च सावली पडायची की आई दुपारी तिथंच बाज टाकायची, आणि रात्रीही तिथंच झोपायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री वावधन, म्हणजे सोसाट्याचं वादळ, सुटलं. पाऊस येईल म्हणून आई थोडी आधी आत आली होती. सकाळी पाहिलं तर चारही पाइप जमिनीपासून वीतभर उंचीवर वाकलेले, आणि सगळा वेल बाजेवर आडवा. बाजेची एक माचवी मोडली होती. त्या दिवसापासून कोणी मांडव विचारला की मी आधी वेल विचारतो आणि मग नळी मोजतो.

वेलाला फळ जड नाही म्हणतात, ते खरंच आहे. पण मांडवाला वेल जड होतो. त्यातही नुसत्या वजनाने मांडव पडत नाही. पानांनी भरलेला मांडव वाऱ्यात शिडासारखा फुगतो, पावसाने पानं भिजली की वर ओझं वाढतं, आणि नेमकं त्याच वेळी खालची माती पाणी पिऊन मऊ होते. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी मिरगाच्या आसपास एका तासात घडतात. म्हणून मांडवाची ताकद ठरवताना जानेवारीतला शांत वेल डोळ्यांपुढे ठेवू नका. जूनमधल्या संध्याकाळचा ओला, हेलकावणारा वेल डोळ्यांपुढे आणा.

वजनाच्या हिशेबाने वेलांचे ढोबळ तीन गट पडतात. गोकर्ण, जुई, कारलं, बरबटी (चवळी) हे हलके. दोडका, वाल, तोंडली, जाई, कृष्णकमळ मधले. मधुमालती, बोगनवेल, संक्रांतवेल हे जड. वर्षागणिक त्यांचं लाकूड वाढत जातं आणि ते उतरवायचं म्हटलं तर करवत लागते. लौकी (दुधी) आणि कोहळ्याचा वेल तसा हलका, पण फळं जड, म्हणून त्यांनाही तिसऱ्याच गटात धरा. बाजारातली बहुतेक तयार कमान पहिल्या गटापुरती असते. दुकानात एक साधी परीक्षा करा. कमान एका हाताने उचलून पाहा. सहज उचलली गेली तर तिच्यावर जुई किंवा गोकर्णाच्या पुढे काही चढवू नका.

आता सावलीकडे येतो, कारण तुमचं खरं दुखणं तेच दिसतं. आपल्या भागात मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी कसाही मांडव असला तरी सावली त्याच्या पायाशीच पडते. तो त्रास बाराचा. ओटा तापतो तो तीननंतर, जेव्हा ऊन तिरपं होऊन पश्चिमेकडून आत शिरतं. मेअखेरीला दुपारी चार वाजता सात फूट उंच कडेखालून ऊन सुमारे नऊ फूट आत येतं. म्हणजे ओट्यापुढे आठ फूट खोल मांडव घातला तरी चारला ऊन थेट ओट्यावरच. पाचला तर ते भिंतीवर चढतं. म्हणून पश्चिमेच्या घराला नुसतं वरचं छत पुरत नाही, मांडवाची पश्चिमेची बाजू खालपर्यंत वेलाने भरावी लागते. आपण तिला ताटी म्हणतो. छत आणि ताटी दोन्ही मिळूनच तुमचं काम होईल.

आणि इथंच दोडका बाजूला पडतो. मिरगात लावलेला दोडका श्रावण-भाद्रपदात हिरवागार असतो, तेव्हा सावलीची गरज नसते. वाल थंडीत भरात येतो, तेव्हा तर अंगणात ऊन हवं असतं. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर पानं हवी असतील तर बारमाही वेलच पाहिजे, आणि तोही उन्हाळ्यात पान टिकवणारा. बरेच जण औषधी म्हणून गुळवेल चढवतात. लावा जरूर, पण सावलीसाठी नको. उन्हाळ्यात त्याची पानं झडतात आणि मांडवावर नुसत्या काड्या उरतात.

तुमच्या ओट्यासाठी माझी निवड तोंडली. ऐकून थोडं आश्चर्य वाटेल, कारण तोंडलीला कोणी शोभेचा वेल मानत नाही. पण तिच्यात तुम्हाला हवं ते सगळं आहे. पाणी मिळालं तर ती कडक उन्हाळ्यात नवं पान काढते. थंडी पडली की मंदावते, पानं विरळ होतात, आणि डिसेंबर-जानेवारीत कोवळं ऊन ओट्यावर येऊ देते. वजन मध्यम. फुलं पांढरीशुभ्र. सासूबाईंना घरची भाजी. रोप मात्र बियांपासून करू नका. नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि बियांतून काय निघेल ते सांगता येत नाही. कडू रानतोंडलीही निघू शकते. ज्या वेलाची तोंडली तुम्ही स्वतः खाऊन पाहिली आहेत, त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे चार-पाच डोळ्यांचे तुकडे आणा आणि दोन-तीन डोळे मातीत जातील असे लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाच्या सुरुवातीला लावलेले तुकडे चांगले फुटतात.

मधुमालतीचा फार जीव असेल तर तीही चालेल. संध्याकाळी पांढरी उमलून पुढच्या दोन-तीन दिवसांत गुलाबी आणि मग लाल होणारे तिचे झुपके, आणि रात्रीचा वास, याला तोड नाही, हे मीही मानतो. माझ्या दारात आजही तीच आहे. फक्त तिच्यासाठी खांब दीड इंची जाड पाइपाचा किंवा सागाच्या बल्लीचा हवा आणि दर वर्षी छाटणीची शिस्त हवी. ही शिस्त पाळणार असाल तरच.

आता पाय. मांडवाचं सगळं आयुष्य त्याच्या पायात असतं, आणि तुमची जमीन काळी आहे म्हणून यावर जरा थांबतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये तुमच्या अंगणात भेगा पडतात ना? त्यात बोट घालून पाहा, अख्खं बोट आत जातं आणि तळ लागत नाही. खांबाच्या भोवती हीच भेग पडते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगेतून थेट बुडाशी जातं, तिथं चिखल होतो आणि खांब झुकतो. दर वर्षी थोडा थोडा. लोक म्हणतात मांडव कलला. खरं म्हणजे मातीने तो हलवलेला असतो.

म्हणून खड्डा दोन-अडीच फूट खोल घ्या, सव्वा फूट रुंद. सब्बलीने खणताना तोंड रुंद आणि बूड अरुंद असा निमुळता खड्डा होतो, तसा होऊ देऊ नका. बूड वरच्या तोंडापेक्षा थोडं रुंदच ठेवा. वर रुंद आणि खाली निमुळतं काँक्रीट केलं की फुगणारी माती त्याला खालून-बाजूने पकडून दर पावसाळ्यात थोडं वर उचलते. बुडाशी चार इंच गिट्टी टाका आणि खांब ओळंब्यात धरा. पुढे दोन रस्ते आहेत. लोखंडी खांब असेल तर काँक्रीट, आणि वर जमिनीच्या तीन इंच वर घुमटीसारखा उतार, म्हणजे पाणी खांबापाशी साचत नाही. बल्ली असेल तर मुरूम आणि गिट्टी. सहा-सहा इंचांचे थर द्या, थोडं पाणी मारा, सब्बलीच्या मागच्या टोकाने ठोकून बसवा. निघालेली काळी माती परत त्याच खड्ड्यात लोटू नका. नव्वद टक्के लोक इथंच चुकतात, कारण माती तिथंच पडलेली असते आणि मुरूम आणायला जावं लागतं.

बांबूचं वेगळं आहे. आपल्याकडे मुख्यतः दोन बांबू मिळतात. मानवेल आणि कटांग. मानवेल जवळजवळ भरीव, सरळ, मांडवासाठी उत्तम. कटांग जाड पण पोकळ आणि काटेरी, त्याच्या कमच्या, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, चांगल्या होतात. बांबू निदान तीन वर्षांचा हवा. कोवळ्या बांबूवर पांढुरकी भुकटी असते; पक्क्या बांबूवर डाग पडलेले असतात आणि वाजवला तर ठणठणीत आवाज येतो. तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, थंडीत. पावसाळ्यात नवे कोंब येत असतात. बांबूतल्या पिठूळ अंशाला घुण, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, लवकर लागतो. घुण लागला की बांबूखाली पिवळसर पिठाची रेघ दिसते, तोवर आतून पोखरलेला असतो. तोडलेला बांबू तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग सावलीत उभा करून वाळवायचा, ही बुरडांची जुनी रीत मी अजून पाळतो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवलेला बांबू आणखी टिकतो, पण ते औषध पावसाने हळूहळू धुऊन जातं, म्हणून मातीत गाडायच्या टोकाला त्याचा भरवसा धरू नका. स्वतःच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बांबू असेल तर निःशंकपणे तोडा. २०१७ साली वन कायद्यात बदल झाला आणि वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. बांबूचं पक्कं काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू प्रशिक्षण केंद्र किंवा मेळघाटातलं लवाद्याचं बांबू केंद्र एकदा बघून या.

पण बांबूचा पाय मातीत जाऊ देऊ नका, एवढं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे उदई (वाळवी) इतकी आहे की गाडलेला बांबू दोन पावसाळ्यांत बुडाशी भुगा होतो. काँक्रीटच्या ठोकळ्यात दोन लोखंडी पट्ट्या उभ्या गाडा, त्यांच्या मधे बांबू बसवा, आरपार बोल्ट घाला आणि बांबूचं बूड जमिनीपासून तीन इंच वर ठेवा. उदईला वर चढायचं असेल तर तिला मातीची नळी करावीच लागते, ती उघड्यावर दिसते आणि हाताने मोडता येते. बांबूचं वरचं टोक गाठीच्या लगेच वर कापा. गाठीच्या खूप वर कापलं तर तिथं पेला तयार होतो, पाणी साचतं, बांबू सडतो आणि डासही होतात. काही जण बुडाला जळकं ऑइल लावतात. ज्या मातीतून भाजी खायची तिच्यात ते नको.

सागाची जुनी बल्ली मिळाली तर घ्या, पण आतल्या गाभ्याची. बाहेरचं पांढरं लाकूड उदई लवकर खाते.

लोखंडाचा एक मोठा दोष, ते तापतं. मेमध्ये दुपारी पाइपाला हात लावून पाहा, ठरत नाही. वेलाचा कोवळा तणावा, म्हणजे आधार धरणारा तंतू, त्याला वळसा घालतो आणि दुसऱ्या दिवशी करपून काळा पडतो. मग लोक म्हणतात वेल चढतच नाही. पाइपावर काथ्याची दोरी किंवा पोत्याची पट्टी सैलसर गुंडाळा आणि पश्चिमेच्या खांबांना फिकट रंग द्या. दुसऱ्या वर्षापासून वेलाचं स्वतःचं पान पाइपाला झाकतं, मग हा त्रास राहत नाही.

मापं. ओट्यापुढे दहा फूट रुंद, आठ फूट खोल मांडव घ्या. भिंतीला टेकवू नका, दोन फूट अंतर सोडा. वेल कौलांत किंवा टिनाखाली शिरला की काढताना जीव जातो, आणि वेलावरून उंदीर घरात आणि उंदरामागे साप येतो. उंची साडेसात-आठ फूट, कारण खालून डोक्यावर भारा किंवा टोपलं घेऊन माणूस जाणार. भाजीच्या मांडवाची उंची मात्र सहा फूटच. इथं सासूबाईंना विचारा आणि त्यांचा हात वर करून माप घ्या. त्यांच्या बोटांपेक्षा मांडव वर गेला तर दोडके काढायला स्टूल लागेल, रोज स्टूल कोणी आणत नाही, आणि दोडके वरच जून होतात. या एका मापाने मी कितीतरी मांडव वाया गेलेले पाहिलेत.

चारही कोपऱ्यांना खांब आणि आडव्या डांडीच्या मधे तिरपे टेकू द्या. टेकू नसलेल्या मांडवाचा चौकोन वाऱ्यात तिरपा होऊन कलतो. वर जी. आय. (जस्त चढवलेली) तार ताणा. कडेला दहा गेज, मधे बारा किंवा चौदा. लक्षात ठेवा, गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. दहाची सव्वातीन मिलिमीटर आणि चौदाची दोन. दोन तारांमधे दीड-दोन फूट अंतर पुरे. मधे सुतळीने जाळं विणलंत की तणाव्यांना धरायला मिळतं. नायलॉनची जाळी टिकते, पण हंगाम संपल्यावर सुका वेल तिच्यातून सोडवता सोडवता नाकीनऊ येतात. सुतळी वेलासकट कापून खड्ड्यात टाकता येते. भाजीला सुतळी, तोंडलीला तार.

वेल खांबाच्या अगदी बुडाशी लावू नका, तिथं तुम्ही मुरूम ठोकलाय. एक-दीड फूट बाहेर, दीड फुटाचा चौरस खड्डा, त्यात मोकळी माती, दोन टोपली कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. पश्चिमेच्या दोन खांबांपाशी दोन तोंडल्या आणि मधे ताटीसाठी आणखी एक. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असेल तर वेलाशेजारी कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकणी ठेवा. ते झिरपत राहतं आणि मुळं त्याला बिलगतात. पाच-सहा लिटरचं मडकं एक दिवसाआड भरलं तर मे निघून जातो. न्हाणीचं पाणी सोडायला हरकत नाही, पण कपड्यांच्या साबणाचं रोज नको.

बांधायला जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या घ्या. वेलाभोवती एक वेढा, मधे पीळ, मग खांबाभोवती दुसरा, असा आठाच्या आकड्यासारखा. पीळ मधे असला की वेल खांबावर घासत नाही आणि जाड व्हायला जागा राहते. नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेला वेल सहा महिन्यांत गळफास लागल्यासारखा चिरतो.

दोडका सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत न्या. तिथं सहा फुटी मांडव, आठ बाय सहा पुरे. आखजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास आळी करून ठेवा, मिरग बरसला की बी टोका. वेल मांडवाला पोचेपर्यंत बाजूचे फुटवे खुडत राहा, एकच दांडा वर जाऊ द्या. मांडवावर पोचला की शेंडा खुडा, मग फांद्या चहूकडे पसरतात. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, घाबरू नका, मादी फुलं पुढे फांद्यांवर लागतात. मादी फुलाखाली बोटाएवढा कोवळा दोडका आधीच दिसतो. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. सलग झड असली की कीटक फिरत नाहीत आणि ते कोवळे दोडके पिवळे पडून गळतात. अशा दिवसांत सहाच्या सुमारास मांडवाखाली जा, नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि त्याचा पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. बोटाला हळदीसारखी भुकटी लागली की समजा काम झालं. आमच्या घरी हे काम पोरांचं होतं. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, त्याला हेच सकाळी करावं लागेल. फळमाशीने डंख मारलेली, वाकडी झालेली फळं झाडाखाली सोडू नका, रोज वेचून खोल पुरा. त्यातूनच पुढची पिढी येते.

वाल त्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, पोळ्याच्या आत लावा. आपला गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. कितीही खत घातलं तरी कार्तिकाच्या आसपासच त्याला फुलोरा येतो. उलट जास्त खताने तो नुसता पाल्यात जातो. तोवर दोडका उतरत आलेला असतो, त्याला बुडातून कापा, सुकू द्या आणि मांडव वालाला मोकळा करा. एका मांडवावर दोन पिकं अशी माघापर्यंत निघतात. ढेमसं मांडवावर चढवायचा खटाटोप करू नका, ते जमिनीवरच राजी असतं.

वानरांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण दारव्ह्याकडे ती असणारच. मांडवाचं छत आणि घराचं छत यांत उडी मारण्याजोगं अंतर असलं की टोळी आधी मांडवावरच उतरते, आणि मोठा नर आदळला तर बारीक तार तुटते. कडेची तार दहा गेज सांगितली ती यासाठीही. कारल्याला ती सहसा हात लावत नाहीत असं मी पाहिलंय, वालाला मात्र सोडत नाहीत. शेंगा भरू लागल्या की मांडवावर जुनी मासेमारीची जाळी टाका.

पहिल्या उन्हाळ्यात तोंडली छत भरणार नाही. तेव्हा मांडवावर सिंधीच्या किंवा पळसाच्या डाहाळ्या टाका, तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्याही चालतील. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, मात्र टाकू नका. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच वावरात जाते. २०१७ साली या अळीने आपल्या भागाचं काय केलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता फाटक. तिथं कमान हवीच असेल तर ती ठेवा, पण चार फुटांची घ्या. तीन फुटांत वेल दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट खातो आणि मोटारसायकलचं हँडल अडकतं. तिच्यावर जुई सोडा. हलकी, बारीक पानाची, पावसाळ्यात फुलं देणारी, संध्याकाळी फाटक उघडताना वास येईल अशी. बोगनवेल तिथं नको, काटे पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

छाटणीचं वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. जुईची छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीत. तोंडली जानेवारीअखेर, थंडी उतरायला लागली की. जुनं लाकूड ठेवून बारीक फांद्या काढा आणि बुडाशी शेणखत द्या, महिनाभरात फुटेल. मधुमालती लावलीच तर फेब्रुवारीत, वरची निम्मी जाळी मोकळी करा, हात आखडू नका. आणि मे सरताना, वावधनाच्या आधी, एका सकाळी प्रत्येक खांब दोन्ही हातांनी हलवून बघा. हलला तर भोवती मुरूम भरून ठोका, तारा ताणा, गेलेल्या चिंध्या बदला. मी स्वतः हे मृगाच्या आठवडाभर आधी करतो.

काम सुरू करायच्या आधी ओट्यापुढे चार काठ्या रोवून त्यावर जुनी चादर बांधा आणि दुपारी चार वाजता सावली कुठवर येते ते एक दिवस पाहा. त्यावरून मांडव फूट-दीड फूट पुढे-मागे सरकवायचा की नाही ते ठरेल. ते माप आणि जमिनीतली भेग किती रुंद आहे ते कळवा, म्हणजे खांब किती खोल न्यायचा ते नेमकं सांगतो.